ट्यूमर बोर्डात फळा, रेघ, चित्र: तुमच्याकडे कोणी वापरतं का?

मीनल_समन्वयक | १२ जून, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय कामाचा आहे, पण डॉक्टर नसलेल्यांनीही लिहावं अशी फार इच्छा आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात कर्करोग विभागाची समन्वयक आहे. मूळची नर्स. दर गुरुवारी दुपारी तीनला आमचा ट्यूमर बोर्ड बसतो. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट, दंतवैद्य आणि आहारतज्ज्ञ एका खोलीत बसतात आणि एकेका पेशंटचं आधी काय करायचं, नंतर काय, हे ठरवतात. दीड तासात बारा-चौदा केसेस. एकेकाच्या वाट्याला सहा-सात मिनिटं येतात.

मे महिन्यातली गोष्ट. ४६ वर्षांचे शेतमजूर, गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर, जबड्यापर्यंत गेलेला. जबड्याचा तुकडा काढून ऑपरेशन झालं, छान झालं. नंतर रेडिएशन द्यायचं हे आधीच ठरलेलं होतं. अशा केसमध्ये ते ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा नियम. यांचं ५४ व्या दिवशी सुरू झालं.

मला त्या रात्री झोप आली नाही. पाठकोरा कागद घेतला, आडवी रेघ मारली आणि फाईल बघून तारखा टाकल्या. हाड असल्यामुळे हिस्टोपॅथचा (म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीचा) रिपोर्ट १९ व्या दिवशी. रेडिएशन ओपीडी २३ व्या. तिथून दाताच्या डॉक्टरांकडे २४ व्या. दोन किडके दात काढले २७ व्या दिवशी. जखम भरायला दोन आठवडे, म्हणजे ४१. मास्क (रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा साचा) आणि प्लॅनिंगचा सीटी ४२ व्या दिवशी. प्लॅनिंगला आठवडा, खर्च देणाऱ्या सरकारी आरोग्य योजनेच्या मंजुरीला पाच दिवस. ५४.

कोणीच कामचुकारपणा केला नव्हता. प्रत्येकाने आपलं काम वेळेत केलं होतं. पण ही अख्खी रेघ कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती. ज्या दिवशी रेडिएशन सुरू व्हायला हवं होतं, त्या दिवशी आम्ही मास्क बनवत होतो.

म्हणून विचारते. बोर्डाच्या खोलीत अशी रेघ, फळा, शरीराचं चित्र, काहीही डोळ्यांना दिसेल असं कोणी वापरतं का? त्याने माणसं खरंच एकत्र विचार करतात का?

डॉ_दंतकथा | १२ जून, रात्री ११:०५

मीनलताई, तुमच्या रेघेवरचा २४ वा दिवस वाचला आणि पोटात कालवलं. आम्ही दंतवैद्य कायम असेच शेवटी आठवतो. रेडिएशननंतर त्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दात काढला तर जखम भरत नाही, हाड कुजायला लागतं. म्हणून खराब दात आधीच काढायचे, आणि ती जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे. इतकं साधं गणित आहे. ऑपरेशनच्या आधीच बोर्डात दंतवैद्याला विचारलं असतं, तर ते दोन दात ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) त्याच भुलीत निघाले असते. तुमचे सतरा दिवस तिथेच वाचले असते.

टाकेवाले_डॉक्टर | १३ जून, सकाळी ६:४०

२८ वर्षं डोक्या-मानेच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतोय, म्हणून जरा विरुद्ध सूर लावतो.

दातांचं आधी बघा हे सांगायला चित्र लागत नाही, फोन लागतो. बोर्डात आधीच वेळ नाही. त्यात कोणी मार्कर घेऊन उभं राहिलं की पाच मिनिटं रंग कुठला वापरायचा यातच जातात. दुसरं म्हणजे चित्र काढलं की समजल्याचं समाधान मिळतं, आणि ते समाधान घातक आहे. एका ठिकाणी (जुनी नोकरी, नाव नको) जिभेचं छापील चित्र फॉर्मवर होतं. आमच्या पद्धतीत पेशंट समोर बसलाय असं धरतात, म्हणजे त्याची उजवी बाजू कागदाच्या डावीकडे. रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) नवीन होता. त्याने स्वतःच्या उजव्या हाताला उजवं धरलं. चित्रात गाठ डावीकडची झाली. खाली अक्षरात बरोबर "उजवी" लिहिलं होतं, पण बोर्डात बसलेल्या आठ जणांनी अक्षर वाचलं नाही, चित्र बघितलं. ओटीत पेशंटला तोंड उघडायला सांगितलं तेव्हा लक्षात आलं. नुकसान झालं नाही. पण मी तेव्हापासून चित्रावर विश्वास ठेवत नाही, बोट घालून तपासतो.

मीनल_समन्वयक | १३ जून, सकाळी ८:१५

डॉक्टर, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. डावं-उजवं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चित्रावर "उ" आणि "डा" ठळक छापायचं, हे आत्ताच वहीत लिहिलं.

जोग_चाकण | १३ जून, दुपारी १:३०

मी वैद्यकीय नाही. चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन बघतो. आमच्याकडे रोज सकाळी दहा मिनिटं सगळे एका फळ्यासमोर उभे राहतात. बसत नाहीत, उभे राहतात. कुठलं काम कुठे अडलंय, ते कार्ड त्या रकान्यात दिसतं. अडलेल्या कार्डाला लाल चकती. फायदा एवढाच की "माझं झालं" असं म्हणून कोणी सुटत नाही, कारण पुढच्याकडे ढीग दिसतो. ही पद्धत टोयोटाने जपानमध्ये रुजवली, आता आमच्याकडचा बारावी पास मुलगाही तिच्यात तरबेज आहे. मीनलताईंची रेघ म्हणजे तेच. करून बघाच.

टाकेवाले_डॉक्टर | १३ जून, दुपारी २:१०

जोगसाहेब, राग मानू नका, पण पेशंट म्हणजे गिअरबॉक्स नव्हे. दोन गिअरबॉक्स सारखे असतात. माझ्याकडचे दोन गालाचे कॅन्सर कधीच सारखे नसतात. एकाला मधुमेह, एकाला घरी कोणी नाही, एक तिसऱ्या दिवशी गावी निघून जातो. कार्ड या रकान्यातून त्या रकान्यात सरकवून हे कळत नाही.

जोग_चाकण | १३ जून, रात्री ९:५०

डॉक्टर, राग अजिबात नाही. पण मी ते कारखानदार म्हणून लिहिलं नव्हतं, नवरा म्हणून लिहिलं होतं. दुपारी सांगायचं धाडस झालं नाही.

बायकोला चार वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला. आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलं. पहिल्या दिवशी सर्जन मॅडमनी तिच्या परवानगीने फोटो काढला, शेजारी छोटी पट्टी ठेवून. गाठीत सोनोग्राफीखाली तांदळाच्या दाण्याहून लहान धातूची क्लिप बसवली. मला वाटलं, कशाला हे सगळं? चार केमोनंतर गाठ हाताला लागेना. आम्ही पेढे वाटले. आणि मॅडम म्हणाल्या, "आता गाठ नाही, पण ती जिथे होती ती जागा मला काढायचीय. फोटो आणि क्लिप नसती तर मी आता कुठे शोधलं असतं?"

त्या फोटोकडे केमोचे डॉक्टर, सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर तिघेही एकत्र बघत होते. मी दारात उभा होतो. तिघांची बोटं एकाच जागेवर. त्या दिवशी मला पहिल्यांदा धीर आला. बायको आज ठणठणीत आहे, आत्ता शेजारी बसून हे वाचतेय.

टाकेवाले_डॉक्टर | १३ जून, रात्री १०:३०

जोगसाहेब, वहिनींना नमस्कार सांगा. तुमचं म्हणणं पटलं. क्लिप आणि फोटो मीही करतो, त्याला "चित्र" म्हणायचं हे डोक्यात आलं नव्हतं.

किरण_फिजिक्स | १४ जून, सकाळी ११:००

मी रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहे. आमचं अख्खं कामच चित्रांचं. प्लॅनिंग सीटीच्या प्रत्येक चकतीवर डॉक्टर हाताने बाह्यरेषा काढतात: दिसणारी गाठ किंवा ती जिथे होती ती जागा, तिच्याभोवती न दिसणाऱ्या पेशींची शंका असलेला भाग, मग पेशंट रोज तसूभर हलतो म्हणून आणखी काही मिलिमीटर. शिवाय वाचवायच्या गोष्टी: मज्जारज्जू, लाळग्रंथी, डोळे. मग आम्ही किरण बसवतो आणि पडद्यावर डोस रंगांत दिसतो. ऑपरेशननंतरच्या तोंडाच्या केसला साधारण ६० ग्रे (डोसचं एकक), ३० वेळांत विभागून, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरून सहा आठवडे.

दोन गोष्टी सांगतो.

पहिली. हे सुंदर चित्र आमच्या तळघराबाहेर कोणी बघत नाही. गेल्या वर्षी एक सर्जन सर दुसऱ्याच कामासाठी खाली आले होते. पडद्यावर त्यांच्याच पेशंटचा प्लॅन उघडा होता. ते थांबले. म्हणाले, "मी शंकेच्या जागी दोन क्लिपा ठेवल्या होत्या, त्या कुठायत?" सीटीवर पांढरे ठिपके दिसत होते, पण आमच्या डॉक्टरांना त्या क्लिपा रक्तवाहिनी बांधायच्या वाटल्या होत्या. सरांनी पडद्याला बोट लावलं: "ही नाही, ती मागची जागा. तिथे मला हाडाला चिकटल्यासारखं वाटलं होतं." बाह्यरेषा दोनेक सेंटिमीटर मागे वाढवल्या. ऑपरेशनच्या नोटमध्ये हे होतं का? होतं. "क्लिप्स अप्लाइड" एवढे दोन शब्द.

दुसरी. टाकेवाले डॉक्टरांची भीती खरी आहे, रंग फसवतात. डोसचा रंग ९५ टक्क्यांपासून पुढेच दाखवला तर गाठीची जागा छान झाकलेली दिसते, सगळे माना डोलावतात. तोच प्लॅन ५० टक्क्यांपासून रंगवला की लाळग्रंथीवर किती सांडलंय तेही दिसतं. प्लॅन तोच, खोलीतलं मत वेगळं. म्हणून मी बोर्डात दाखवताना दोन्ही दाखवतो आणि रंग कुठून सुरू होतो ते आधी तोंडाने सांगतो.

निळूभाऊ | १४ जून, दुपारी १२:२०

किरण, मला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. पुरुषांमध्ये हे बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणजे तुमच्या बोर्डातही एखादा असेल आणि लाजेने बोलत नसेल. मी सरकारी कार्यालयात वीस वर्षं "लाल फायली" शेजाऱ्याला विचारून उचलल्या. फळा करायचा तर रंगाबरोबर आकार द्या. अडलं तर चौकोन, चालू तर गोल.

मीनल_समन्वयक | १४ जून, दुपारी १२:४५

निळूभाऊ, आज दुपारीच सगळ्यांना विचारलं. आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांनी शांतपणे हात वर केला! इतकी वर्षं कोणालाच माहीत नव्हतं. चौकोन आणि गोल पक्के.

सुलभा_पॅथ | १४ जून, सायंकाळी ७:१०

मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. मीनल, तुझ्या १९ व्या दिवसाचं उत्तर माझ्याकडे आहे.

जबड्याचं हाड सुरीने कापता येत नाही. आधी ते आम्लात ठेवून त्यातला चुना विरघळवावा लागतो. हाड जाड असेल तर त्याला बरेच दिवस जातात. घाई करून तीव्र आम्ल वापरलं तर पेशी खराब होतात आणि मग कोणालाच काही सांगता येत नाही. पण सगळा रिपोर्ट हाडासाठी कशाला अडवायचा? मऊ भागाच्या कडा, गाठीची खोली आणि मानेतल्या लसीकाग्रंथी यांचा पहिला रिपोर्ट आठ-दहा दिवसांत देता येतो, हाडाचा मागून. बहुतेक वेळा रेडिएशन द्यायचं की नाही हे पहिल्या रिपोर्टवरच ठरतं. हे मी तीस वर्षं करत होते, पण कोणी मागितलं तरच. रेघ समोर असती तर न मागताही दिलं असतं. कोण कशाची वाट बघतंय तेच आमच्या खोलीत कळत नाही.

आता चित्राबद्दल. फॉर्मेलिनच्या बरणीत मांसाचा एक गोळा येतो, त्याची वरची बाजू कुठली, आतली कुठली, हे तो गोळा सांगत नाही. स्तनाच्या नमुन्याला चांगला सर्जन दोन टाके घालून पाठवतो: आखूड धागा वरच्या बाजूला, लांब धागा बाहेरच्या. मी मग बाजूंना वेगवेगळी शाई लावते, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली "निळ्या कडेला गाठ पोचलीय" असं दिसलं की शरीरात ती कुठली कडा हे सांगता येतं. तोंडाच्या नमुन्याला तर आकारच वेडावाकडा. आमच्याकडे एक सर्जन फॉर्मच्या मागे बॉलपेनने चित्र काढून पाठवायचे. वाकडंतिकडं, लहान मुलाने काढल्यासारखं. बाण, "पुढे", "जीभेकडे", "इथे शंका". त्या चित्राची मला एमआरआयपेक्षा जास्त मदत झाली, कारण त्यात त्यांच्या हाताला काय लागलं ते होतं. ते बदलून गेल्यावर छापील सुबक फॉर्म आला आणि "इथे शंका" लिहायला जागाच उरली नाही.

टाकेवाले_डॉक्टर | १४ जून, रात्री ८:००

सुलभाताई, बॉलपेनच्या चित्राचं अगदी पटलं. चित्रापेक्षा, ते काढणाऱ्याच्या हाताने पेशंटला तपासलेलं असणं महत्त्वाचं. छापील आयतं चित्र आणि हाताने काढलेलं चित्र यात मी आजवर फरक करत नव्हतो.

अनिकेत_लीड्स | १५ जून, पहाटे ३:१०

इंग्लंडमधून लिहितोय, मी इथे कर्करोग विभागात नर्स आहे. इथे कॅन्सर सेवांवरच्या १९९५ च्या कॅलमन-हाइन अहवालापासून बहुशाखीय बैठक (म्हणजे तुमचा ट्यूमर बोर्डच) रुजली. आता प्रत्येक कॅन्सरची आठवड्याची बैठक ठरलेली. मीनलताईंसारखी समन्वयक प्रत्येक बैठकीला असते, आणि तिच्या पडद्यावर प्रत्येक पेशंटचे दिवस मोजले जातात. तातडीने पाठवलेल्या पेशंटला पहिला उपचार ६२ दिवसांत मिळावा हे उद्दिष्ट. ते नेहमी गाठलं जातं असं नाही, पण दिवस मोजले जातात हे सगळ्यांना माहीत असतं.

पण एक उणीव सांगतो. आमच्याकडे भिंतभर पडदा आहे, त्यावर स्कॅन. ज्याचं चित्र पडद्यावर, त्याचं मत जड. रेडिओलॉजिस्ट बोलतो, सगळे बघतात. मी जेव्हा सांगतो की ही बाई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, लिफ्ट नाही, तिला रोज रेडिएशनला यायला जमणार नाही, तेव्हा पडद्यावर काहीच नसतं. म्हणून माझी बात हवेत जाते. आमच्या गटाने मग एक छोटी गोष्ट केली. स्कॅन यायच्या आधी पडद्यावर एकच ओळ येते, पेशंटचं स्वतःचं म्हणणं. उदाहरणार्थ: "मला नातवाच्या लग्नात बोलता आलं पाहिजे." स्वरयंत्राच्या केसमध्ये या ओळीने चर्चा कुठून कुठे जाते ते मी बघितलंय.

यवतमाळकर | १५ जून, सकाळी ९:००

अवांतर, पण राहवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी काढली. त्या कामाचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे, त्यांचे वडील आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. ती यादी आधी आठ शहरांत तपासली गेली, त्यात नवी दिल्लीही होती. त्या यादीत एक कलम आहे: चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. चित्र नाही की फळा नाही, पण एकदा तोंड उघडलेली नर्स पुढे "थांबा" म्हणायलाही धजावते.

प्राजक्ता_सोलापूर | १५ जून, सकाळी ११:४०

मी वैद्यकीय नाही. सासऱ्यांच्या आजारपणात दोन वर्षं फायलींची पिशवी सांभाळली, तेवढाच अधिकार.

आम्ही गावाकडून यायचो. मामंजी वाचू शकत नव्हते. पहिल्या दिवशी केमोच्या डॉक्टरांनी तारखा सांगितल्या, त्या त्यांच्या डोक्यात राहीनात. मी घरातलं कालनिर्णय घेतलं. केमोच्या दिवशी कुंकवाचा ठिपका. ताप आला तर काजळाचा. तोंड आलं आणि जेवण गेलं नाही त्या दिवशी आडवी रेघ. मामंजी स्वतः रोज रात्री रेघ मारायला सांगायचे, ते त्यांचं काम झालं होतं. कोणी पाहुणा आला की ते दिवस मोजून दाखवायचे.

तिसऱ्या केमोला मी तीन महिन्यांची पानं सोबत नेली. डॉक्टरांनी ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि बघतच राहिले. प्रत्येक वेळी सातव्या-आठव्या दिवसापासून आडव्या रेघा, दहाव्या-अकराव्याला काजळ. ते म्हणाले, "ताई, फाईलमध्ये मला फक्त केमोच्या दिवसाचं रक्त दिसतं. तेव्हा ते बरे असतात. मधले दिवस मला आज दिसले." मग सातव्या दिवशीची रक्ततपासणी गावातल्याच लॅबमध्ये सुरू झाली. तोंडासाठी औषध आधीच दिलं. आहारतज्ज्ञ मॅडमना तिथेच बोलावून पानं दाखवली.

मामंजी आता नाहीत. ती पानं मी कपाटात जपून ठेवलीत.

मीनलताई, तुमच्या रेघेवर डॉक्टरांच्या तारखा आहेत. पेशंटचे दिवस कुठे आहेत?

मीनल_समन्वयक | १५ जून, दुपारी ४:३०

प्राजक्ता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. खरंच नाहीत ते दिवस.

आहार_वैशाली | १५ जून, सायंकाळी ६:००

प्राजक्ताताईंना मनापासून अनुमोदन. मी आहारतज्ज्ञ. माझी एकच मागणी: त्याच रेघेखाली वजनाची दुसरी रेघ. आकडे फाईलमध्ये असतात, ५८, ५६.५, ५५, ५२. एकेकाला भेटलं की "थोडं कमी झालंय" एवढंच वाटतं. उतरती रेघ दिसली की जेवणासाठी नळी घालायचा निर्णय दोन आठवडे आधी होतो. रेडिएशनच्या मध्यात दहा टक्के वजन गेलेल्या माणसाचा मास्कसुद्धा सैल होतो, मग किरणभाऊंना नवीन बनवावा लागतो. हो ना?

किरण_फिजिक्स | १५ जून, सायंकाळी ६:२०

हो! आणि नवीन मास्क म्हणजे नवीन सीटी, नवीन प्लॅन. वैशाली, तुमची वजनाची रेघ मला आमच्या खोलीतही हवी.

बिटबिट | १६ जून, रात्री १२:१५

रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करतो. उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण तीन गोष्टी सांगतोच.

भिंतीवरच्या फळ्यावर पेशंटचं नाव नको. सफाईवाले, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक सगळे तिथून जातात. गावात कॅन्सर कळणं म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. क्रमांक लिहा. २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षण कायदा नंतरची गोष्ट, आधी माणुसकी.

फळ्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. तो गट सोडून गेलेल्या रेसिडेंटच्या फोनमध्येही तो फोटो राहतो.

आणि चित्रावर तारीख हवी. शिळं चित्र कोऱ्या फळ्यापेक्षा वाईट. साधी स्प्रेडशीट पुरेल: ऑपरेशनची तारीख टाकली की ४२ व्या दिवसाची तारीख आपोआप यावी आणि बाकीचं तिथून उलटं मोजावं.

संपादक | १६ जून, सकाळी १०:००

चांगली चर्चा चालू आहे. फक्त एक विनंती: स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या उपचारांबद्दल इथे सल्ला मागू नये, दोन प्रतिसाद त्यासाठी हलवले आहेत.

परभणीचा_अज्ञात | १७ जून, रात्री ९:३०

छोट्या गावातल्यांचं काय? आमच्याकडे मी एकटाच कॅन्सर सर्जन. रेडिएशन दुसऱ्या जिल्ह्यात, पॅथॉलॉजी तिसरीकडे. नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं) २०१२ मध्ये सुरू झालं, टाटा मेमोरियल त्याच्या केंद्रस्थानी. त्यांच्या ऑनलाइन ट्यूमर बोर्डात मी अधूनमधून केस मांडतो. तिथे मला एक शिस्त लागली: समोरच्याने पेशंट बघितलेलाच नाही, त्यामुळे तोंडाचा नीट उजेडातला फोटो, जीभ बाजूला ओढून, शेजारी पट्टी. तोंड किती बोटं उघडतं त्याचा वेगळा फोटो. हे दोन फोटो नसले तर दहा मिनिटं प्रश्नच विचारत बसतात, असले तर तीन मिनिटांत मुद्द्यावर येतात. आता मी माझ्या स्वतःच्या केसलाही ते काढतो.

मीनल_समन्वयक | ४ जुलै, रात्री ९:१५

तीन गुरुवार झाले, म्हणून धागा वर काढते.

काय केलं ते सांगते. प्रत्येक केससाठी अर्ध्या कार्डशीटवर एक आडवी रेघ. डावीकडे ऑपरेशन, शून्य. उजव्या टोकाला आधी ४२ ची उभी रेघ मारायची आणि मग तिथून मागे यायचं. प्लॅनिंगला सात दिवस मागे. मास्क त्याच्या आधी. योजनेची मंजुरी त्याच काळात, त्याच्या नंतर नाही. दात तर शून्याच्याही डावीकडे गेले. नाव नाही, फक्त क्रमांक आणि तारीख. अडलं तर चौकोन. बाजूला सर्जननी स्वतः काढलेलं बॉलपेनचं चित्र, "उ" आणि "डा" सकट. खाली वजनाची रेघ. वर एक ओळ पेशंटची.

पहिल्या गुरुवारी फसलं. मीच सगळं लिहीत होते, बाकी सगळे मोबाईल बघत होते. एका केसला अकरा मिनिटं गेली आणि शेवटच्या तीन केसेस राहून गेल्या. घरी येऊन रडले.

दुसऱ्या गुरुवारी पेन मी धरलंच नाही. ज्याचं काम, त्याने आपली खूण स्वतः करायची असं ठरलं. आणि आमचे आरोग्यमित्र, जे योजनेची कागदपत्रं बघतात, त्यांना खोलीत बोलावलं. आजवर ते बाहेर बाकावर बसायचे. त्यांनी रेघ बघितली आणि पहिलंच वाक्य बोलले: "मॅडम, मंजुरीसाठी मला मऊ भागाचा रिपोर्ट पुरतो, हाडाचा नंतर जोडता येतो. मी आजवर पूर्ण रिपोर्टची वाट बघत होतो, कारण कोणी सांगितलं नाही." खोलीत एक मिनिट कोणी बोललं नाही.

तिसऱ्या गुरुवारी तेरा केसेस, एक तास चाळीस मिनिटं. म्हणजे नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त. वेळ वाचत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण जूनमध्ये ऑपरेशन झालेल्या गालाच्या दोन पेशंटचे दात ओटीतच निघाले. त्यातल्या एका मावशींचा मास्क २४ व्या दिवशी ठरलाय, ४२ व्या नाही.

सोपी केस असेल, एकच उपचार, तर कार्ड करत नाही. हेही शिकले.

डॉ_दंतकथा | ४ जुलै, रात्री ९:४०

शून्याच्या डावीकडे! डोळे भरून आले, ताई. त्या कार्डाचा कोरा नमुना मिळेल का? आमच्या विभागप्रमुखांना दाखवते.

टाकेवाले_डॉक्टर | ४ जुलै, रात्री १०:२०

मीनल, दहा मिनिटं जास्त लागतात हे लिहिलंस म्हणून बाकीच्यावर माझा विश्वास बसला. आरोग्यमित्रांना आत घेणं ही या धाग्यातली मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. पुढच्या आठवड्यापासून आमच्याकडे जबड्याच्या केसला कार्ड करतो. चित्र मी काढीन. डावं-उजवं नर्स तपासेल आणि सही करेल.

प्राजक्ता_सोलापूर | ५ जुलै, सकाळी ७:३०

मीनलताई, त्या मावशींना त्यांचं कार्ड दाखवलंत का?

मीनल_समन्वयक | ५ जुलै, दुपारी ३:५०

तुझा प्रतिसाद वाचून आज वॉर्डात गेले. कार्ड त्यांच्या पलंगावर ठेवलं, एकेक खूण समजावली. मावशींनी ४२ च्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही आषाढी एकादशीच्या आधी की नंतर?" मी मोजून सांगितलं. मग त्यांनी पेन मागितलं आणि रेघेखाली स्वतः एक छोटा गोल काढला. म्हणाल्या, रोज किती घास गेले ते मी इथे मांडते, सून आली की तिच्याकडून आकडा लिहून घेईन.

गुरुवारी ते कार्ड तसंच बोर्डात नेणार आहे.